डोळे उघडायला लागणारा तास

सुनंदाबाई गेल्या आणि मगदूम सरांचे डोळेही त्यांच्याबरोबर गेले, असं जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत जो तो म्हणत होता. भेटायला येणारी प्रत्येक बाई पदर तोंडाला लावून हेच बोलायची आणि सरांच्या मुलीचं, त्रिशलाचं डोकं फिरायचं. आईला जाऊन पंधरवडा झाला होता. अप्पांचे डोळे त्याच्याही आधी, आईनं अंथरूण धरलं तेव्हाच गेले होते. आणि यंत्राला कसलं आलंय दुःख? यंत्र बिघडतं, एवढंच. माणसांना मात्र साध्या बिघाडातही काहीतरी दैवी दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

कारण सरांचे डोळे म्हणजे यंत्रच होतं. शाळेत भूगोल शिकवता शिकवता पन्नाशीच्या आत-बाहेर त्यांची नजर कडेकडेनं विझत गेली. डोळ्यांतले पडदे सुकत जाण्याचा आजार, त्यावर औषध नव्हतं. पण डोळा हा नुसता दरवाजा. पाहण्याचं खरं काम चालतं ते मेंदूच्या मागच्या भागात. दरवाजा कायमचा बंद झाला तर आत शिरायला दुसरी वाट करता येते, हे तोवर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं. सरांच्या कवटीच्या आत, मागच्या बाजूला, नखाएवढी एक चकती बसवलेली होती. तिला केसाहून बारीक अशा हजारभर तारा. एका तारेतून विजेची इवलीशी चुणूक गेली की सरांना समोर उजेडाचा एक ठिपका दिसे. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपायचा, कमरेच्या पट्ट्यावरची पेटी त्याचे ठिपके पाडायची आणि ते चकतीकडे धाडायची. रंग नाही, नाकडोळे नाहीत. ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या नुसत्या कडा. दार कळे, रिक्षा कळे, माणूस उभं आहे की बसलंय ते कळे. कोण आहे, ते बाह्यरेषेवरून ओळखायचं. सर म्हणायचे, "जन्मभर पोरांना कोरे नकाशे भरायला लावले, आता देवानं मला बसवलंय."

सुनंदाबाईंना ओळखायला मात्र त्यांना कधीच अंदाज बांधावा लागला नाही. त्यांचा अंबाडा नारळाएवढा होता. त्या जरा बाजूला वळल्या की ठिपक्यांत तो ठसठशीत उठून दिसे.

"द्वीपकल्प आलं बघ," सर म्हणायचे. "तिन्ही बाजूंनी मोकळं आणि एका बाजूनं तेवढं डोक्याला चिकटलेलं."

"भूगोल पुरे मास्तर, चहा गार व्हायला लागलाय," असं सुनंदाबाईंचं उत्तर ठरलेलं.

आता चहा त्रिशला करत होती आणि तिची रजा संपत आली होती. कोइमतूरच्या एका कापड गिरणीत ती इंजिनिअर होती. पेटी चालली असती तर अप्पा या घरात एकटे राहू शकले असते. स्वयंपाकाला बाई होती, शेजार चांगला होता. नाही चालली तर घराला कुलूप लावून त्यांना कोइमतूरला न्यावं लागणार होतं. तिथं ना कुणाची भाषा कळणार, ना घराचा कोपरा ओळखीचा.

"मला नको नेऊस," सर एवढंच म्हणाले होते. "इथं भिंतीला हात लावला तरी कळतंय मला, कुठली भिंत आहे ती."

शेवटी तिनं पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या कोल्हापूरच्या केंद्रात फोन लावला. इरफान बागवान म्हणून एक तंत्रज्ञ होता. त्यानंच मागे पेटी बसवून दिली होती.

"आईनं तक्रार केली होती ना तुमच्याकडे? काहीतरी सुटा भाग यायचाय असं तुम्ही सांगितलं म्हणे," त्रिशला म्हणाली.

"आमच्याकडं? न्हाई मॅडम. वर्षभरात मगदूम सरांची एकबी तक्रार न्हाई." मग त्याचा आवाज उतरला. "बाईंचं कळलं. लई वाईट वाटलं. लॅपटॉप हाय का जवळ? फोनवरनंच बघू या की."

दुपारची वेळ होती. सर खिडकीजवळच्या खुर्चीत चष्मा लावून बसले. पेटी त्यांच्या मांडीवर, पेटीला जोडलेला आईचा लॅपटॉप त्रिशलापुढं आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन, अशी सगळी मांडामांड झाली. इरफान अक्षर अक्षर सांगत होता आणि ती टाइप करत होती.

"ही पेटी म्हंजे बारका कॉम्प्युटरच हाय मॅडम, हिच्यात लिनक्स चालतंय. बटण दाबलं की पयलं ते उठतंय. ते उठलं की त्याच्या मागोमाग बारकी बारकी कामं आपली आपण सुरू होत्यात. दिसत न्हाईत, पर मागं चालू असत्यात. आमी त्यास्नी सर्व्हिस म्हणतोय."

त्रिशलाला ते लगेच कळलं. सकाळी दार उघडलं की दूधवाला, पेपरवाला, भांडीवाली जशी न बोलावता येतात, तसंच हे. आणि एखाद्याला सांगून ठेवलं, की मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही, तर तो बिचारा येणार नाही. आजारी असतो असं नाही. सांगितलेलं असतं म्हणून येत नाही.

पडद्यावर यादी आली. बॅटरी सांभाळणारी सर्व्हिस चालू. कॅमेऱ्याची चालू. तिसरी, चित्राचे ठिपके करून मेंदूकडे धाडणारी, जिचं नावच 'दृष्टी' होतं, तिच्यापुढं लिहिलं होतं डिसेबल्ड, आणि त्याच्या खाली इनॅक्टिव्ह, डेड. शेवटच्या शब्दावर त्रिशलाचे डोळे अडकले.

"मॅडम, त्यो शब्द मनावर घेऊ नका," इरफान घाईनं म्हणाला. "लिनक्समधी थांबलेल्याला तसंच म्हणत्यात. बिघाड कायबी न्हाई. कॅमेरा रोज चालूच हुता; चित्रं फुडं न्यायचं काम तेवढं बंद. आता स्टार्ट करा."

तिनं स्टार्ट केलं. खुर्चीतले सर एकदम ताठ झाले.

"आली," ते म्हणाले. "खिडकी आली. त्रिशला, ती तूच न्हवं का? केवढी वाळलीयास गं!"

कडांवरून वाळलेलं कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्रिशलाला हसू आलं आणि रडूही आलं. सर उठले. भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात उभे राहून पंधरा-वीस दिवसांची राहिलेली गल्ली बघू लागले. समोरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी मोठ्यानं हाकही मारली.

इकडे फोनवर इरफान म्हणत होता, "मॅडम, हे आता नुसतं स्टार्ट झालंय. उद्या पेटी परत चालू केली की येणार न्हाई. आपली आपण सुरू व्हायला एनेबल करायला लागतंय. पर मला एक कळंना. ही डिसेबल झाली कशी? आपोआप तर हुईत न्हाई. जुन्या नोंदी बघू."

त्यानं सांगितलेलं तिनं टाइप केलं. ओळींमागून ओळी सरकल्या.

"हे बघा. मागच्या दिवाळीनंतर म्हयन्याभरानं कुणीतरी हातानं डिसेबल केलीया. आणि तवापास्नं रोज सकाळी पेटी चालू हुतीया, पर ही सर्व्हिस चालू हुतीया तासाभरानं. तीबी हातानं. रोज कुणीतरी बसून चालू केलीया मॅडम! शेवटी शेवटी तर पेटी नुसती चालू हुतीया, हिला कुणी हाकच मारली न्हाई. घरात कुणाला लिनक्स येत हुतं?"

"आईला," त्रिशला म्हणाली.

सुनंदाबाईंनी सांगलीच्या एका सहकारी बँकेची सर्व्हर रूम आयुष्यभर सांभाळली होती. एनेबल करायचं त्या विसरल्या असतील हे चहात साखर विसरण्यापेक्षाही अवघड होतं. मागची दिवाळी. आईची केमो तेव्हाच सुरू झाली होती. पुढच्याच महिन्यात फोनवर ती म्हणाली होती, "फुकटात केशलोच झाला बघ माझा. मुनी महाराज एकेक केस उपटतात, माझे आपले उशीवरच." त्रिशला रडायला लागली तर हीच हसत होती.

"अप्पांना सांगितलंस?" त्रिशलानं विचारलं होतं.

"त्यांना सांगितलंय, नवं औषध आहे, यानं केस जात नाहीत. ठिपक्यांत काय कळतंय त्यांना!"

आणि चार दिवसांपूर्वी आईचं कपाट आवरताना त्रिशलाच्या हाताला एक केसांचा टोप लागला होता. त्याला मागून गंगावनाचा भलाथोरला अंबाडा शिवलेला होता. बाहेर जाताना घालत असेल, असं वाटून तिनं तो बाजूला ठेवला होता. आता तिला सगळं समजलं. उठायचं त्राण नसलेली आई रोज सकाळी आधी स्वतःची तयारी करत होती. स्टुलावर बसून अंघोळ, मग टोप, मग अंबाडा, मग कुंकू. सगळं नीट झालं की लॅपटॉप उघडून नवऱ्याचे डोळे सुरू करत होती. शेवटी तयारीला उठताच येईना, तेव्हा तिनं ते सुरूच केले नाहीत.

"मॅडम? हाय न्हवं लाइनवर?"

"आहे. हे अप्पांना बोलू नका," ती हळूच म्हणाली, तोवर सर परत आत आलेच होते. खुशीत होते.

"बागवान, राहील का रे आता ही चालू?"

"राहील की सर. मॅडम, एनेबल करा. आता पेटी बंद करून परत चालू करा. आपली आपण आली म्हंजे झालं काम."

त्रिशलानं एनेबल केलं आणि पेटी बंद केली. सरांची मान किंचित खाली गेली. तिनं बटण दाबलं. तिला आपली पेटी चालू होण्याची काळजी. यातून आणखी काय उघडं पडेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"आली!" सर म्हणाले. आणि लगेच त्यांचा चेहरा गोंधळला. "एवढ्यात? तास लागतो की डोळे यायला."

"तास?" फोनमधून इरफान हसला. "अर्धा-एक मिनिट सर. ही काय चूल हाय का तापायला?"

त्याच्याशिवाय कुणीच हसलं नाही. त्रिशलानं फोन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"सुनंदा म्हणायची, पेटी जुनी झालीय, तापायला वेळ लागतो." सरांनी चष्मा तिच्याकडे वळवला. "मी रोज सकाळी बटण दाबून गप बसून राहायचो गं. आतनं तिचे आवाज यायचे. मग ती यायची आणि म्हणायची, झाली बघा तुमची पेटी गरम. तो तास कसला होता, त्रिशला?"

खोटं बोलायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण काय बोलणार? तिनं सांगितलं. केसांचं सांगितलं, टोपाचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत पेटी बिघडलेलीच नव्हती, हेही सांगितलं. सांगताना ती आईची बाजू घेत होती, "तुम्हाला त्रास नको म्हणून, अप्पा," असं दोन-तीनदा म्हणाली.

सरांना राग आला. त्यांना असं रागावलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले.

"मी तिला भरवत होतो. अंग पुसून देत होतो. एकदा हात डोक्याकडं गेला तर तिनं झटक्यात बाजूला केला. तेव्हाच कळलं मला केसांचं. बोललो नाही; म्हटलं तिची इच्छा नाही, तर नाही. वाटायचं, माझ्या नशिबानं नेमके आत्ताच डोळे बिघडलेत. दोष नशिबाला देऊन बसलो होतो मी. आणि डोळे धडधाकट होते! ती हातभर अंतरावर होती आणि तिनं मला अंधारात बसवलं. केस नव्हते म्हणून? मी काय तिचे केस बघायला लग्न केलं होतं?"

आईला कशाची भीती वाटत होती ते त्रिशलाला कळत होतं. बोडकं डोकं दिसेल याची नव्हेच. ज्या एका खुणेवरून हा माणूस तिला ओळखत होता ती खूणच गेली होती. तो समोर बघेल आणि त्याला दुसरंच कुणीतरी दिसेल, या भीतीनं ती रोज तासभर आधी स्वतः तयार होत होती. पण हे अप्पांना सांगायचं कसं?

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. मग सर म्हणाले, "बागवान म्हणाला, कॅमेरा रोज चालूच होता."

"होय."

"मी रोज चष्मा लावून बसत होतो तिच्यासमोर. आज येतील डोळे, उद्या येतील म्हणून. ही पेटी महिन्याभराची चित्रं ठेवते, बसवताना सांगितलं होतं त्यानं. म्हणजे पेटीनं बघितलंय तिला. मी नाही."

"अप्पा, नको."

"पंधरवडा तर गेलाच. रोज नवी चित्रं येतायत, तसतशी जुनी पुसली जातायत. आजच लाव."

"आईला नको होतं ते. वर्षभर किती धडपडली ती यासाठी!"

"तिचं तिनं केलं. तिला जे दाखवायचं नव्हतं ते तिनं नाही दाखवलं." सरांचा आवाज आता फुटला. "पण ती गेली बाळ. आणि माझ्याजवळचं तिचं शेवटचं चित्र म्हणजे तो टोप आहे. मला माझी बायको बघायचीय."

आईचा शब्द राखावा तर समोर बसलेल्या बापावर अन्याय, बापाचं ऐकावं तर आईनं वर्षभर कष्टानं राखलेलं मोडायचं. त्रिशला उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि तिनं इरफानला पुन्हा फोन केला. जे झालं ते थोडक्यात सांगितलं. मग त्यानं साठवलेली चित्रं कॅमेऱ्याच्या जागी 'दृष्टी'ला कशी द्यायची ते हळूहळू सांगितलं. "माझ्या तोंडानं घात केला मॅडम," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

परत येऊन तिनं आईनं अंथरूण धरल्यानंतरची चित्रं काढली आणि पाठवण्याआधी स्वतः लॅपटॉपवर पाहिली. तिथं चित्र रंगीत होतं, स्वच्छ होतं. आई उशांना टेकून बसली होती. डोकं उघडं, गाल आत गेलेले, कपाळावर कुंकू नाही. आणि ती सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे अप्पांच्या डोळ्यांत बघत होती. नवऱ्याला काही दिसत नाही याची पक्की खात्री असल्यामुळे निवांत बघत होती. तिच्या तोंडावर लाज नव्हती, लपवाछपवी नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर आहे तशी बसली असेल. आई शेवटी अशी दिसत होती हे त्रिशलानंही आजच पाहिलं. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

"लावतीस ना?" सरांनी विचारलं.

तिनं चित्रं पाठवली.

सर पुढं झुकले. चष्म्याआडचे त्यांचे निकामी डोळेही हलत असावेत. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली, चित्र काही मानेबरोबर फिरणारं नव्हतं. पडद्यावर आई काहीतरी बोलत होती, हसत होती, पण चित्रांना आवाज नव्हता. सरांपर्यंत हसू तरी कुठून पोचणार? त्यांच्यापर्यंत पोचत होता एक लहानसा गोल, त्याखाली बारीक मान आणि खांद्यांची उतरती रेघ.

"ही कोण गं?" सर म्हणाले.

हेच शब्द ऐकायला लागू नयेत म्हणून त्रिशलाची आई आजारी अंगानं रोज तासभर तयार होत होती. आणि ते शब्द आईच्याच घरात, तिच्याच माणसाच्या तोंडून निघाले होते. अजूनही वेळ गेली नव्हती. शेजारच्या काकू आहेत, आईची चित्रं पुसली गेली, असं म्हणता आलं असतं. सरांना कधीच कळलं नसतं. तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

मग तिला आईचं ते निवांत बघणं आठवलं.

"आईच आहे, अप्पा," ती म्हणाली.

सरांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते तिला बघवेना. त्यांनी एकदा हात उचलला आणि समोरच्या हवेत, उशीच्या उंचीवर, डोक्यावरून फिरवावा तसा फिरवला. तिथं काही नव्हतं. तिला वाटलं, आता ते चष्मा काढून ठेवतील.

"बंद करू?" तिनं विचारलं.

"नको." सर म्हणाले. "ओळख पटेपर्यंत बघू दे मला."

ते बघत राहिले. दिवस मावळला, मावळायच्या आत जेवायची या घरची रीत, पण आज चूलच पेटली नव्हती. खोलीत अंधार झाला तरी त्रिशला दिवा लावायला उठली नाही. सरांना दिव्याची गरज नव्हती. चित्रं शेवटच्या दिवसाशी आली आणि संपली.

"संपलं?"

"होय, अप्पा."

"पटली का?" असं तिला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. सरांनी चष्मा नीट बसवला आणि मान हलवली.

"अजून नाही," ते म्हणाले. "परत लाव."